वानरीच्या फोटोतली माशी

आमच्याकडं कुटुंबाचा फोटो फोटोग्राफर काढत नाही. फोटोग्राफरनं फक्त बटण दाबायचं. मधे कोण बसणार, कडेला कोण उभं राहणार, कोणत्या सुनेनं डोक्यावर पदर घ्यायचा आणि कोणत्या जावयासाठी खुर्ची रिकामी ठेवायची, हे सगळं घरातला एक काका ठरवतो. असा काका प्रत्येक लग्नात असतो. कॅमेऱ्याकडं पाठ करून तो ओरडत असतो, "जवळ सरका जरा. हसा की. लग्न हाय, मयत न्हाई."

पाटोद्यात मी अर्धं आयुष्य असे फोटो काढण्यात घालवलं. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ माझ्यासमोर एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभे राहिलेत. नवऱ्यानं सोडलेल्या लेकीला ऐनवेळी "तू बाजूला हो, पुढच्या फोटोत घेऊ" असं सांगताना मी ऐकलंय. तो पुढचा फोटो कधी निघाला नाही हेही मला माहीत आहे, कारण तो मलाच काढायचा होता. अल्बम मात्र सुरेख व्हायचे. कडेनं सोनेरी वेलबुट्टी, पहिल्या पानावर गणपती, शेवटच्या पानावर सगळं खानदान दात दाखवत. ते दात खोटे आहेत हे मला ठाऊक, काकाला ठाऊक आणि खानदानालाही ठाऊक.

स्टुडिओ नवऱ्याचा. मी कॅमेरा हातात घेतला तो काही हौसेनं नाही. गावातल्या मुसलमान घरांत लग्नाच्या वेळी बायकांच्या बाजूला फोटो काढायला बाईच पाहिजे असायची, आणि तालुक्यात तशी बाई नव्हती. नवऱ्यानं मला मांडणीवरच्या पितळी डब्यांवर फोकस करायला शिकवलं आणि पाठवून दिलं. नंतर हिंदूंच्या लग्नांतही हळदीला, ओटीला माझं बोलावणं येऊ लागलं. बघता बघता नवरा काउंटरवर पासपोर्ट फोटो कापत बसला आणि बाहेरचं सगळं माझ्याकडं आलं. त्याला ते बरंच वाटलं. त्याचे गुडघे दुखायचे.

मग प्री-वेडिंगचं खूळ आलं. ज्यांच्या आईबापांनी लग्नाआधी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, ती पोरं आता लग्नाआधी डोंगरावर जाऊन एकमेकांच्या कपाळाला कपाळ लावून उभी राहू लागली, आणि मागं रंगीत धूर सोडायचा डबा घेऊन चुलतभाऊ. असंच एक जोडपं होतं. मुलगी सिरसाळ्याची, मुलगा आमच्या भागातला. धर्मापुरीच्या जुन्या देवळाजवळचे फोटो त्यांनी कुणा दुसऱ्याकडून काढून घेतले होते. आता त्यांना डोंगर हवा होता. पाटोद्याच्या पलीकडं डोंगरपट्ट्यात एक दरी आहे. पावसाळ्यात तिथं बारीकसं पाणी पडतं आणि लोक त्याला धबधबा म्हणतात. तिथं मी त्यांना घेऊन गेले.

दरीच्या त्या अंगाला धावड्याच्या झाडांवर वानरांचा कळप होता. राखाडी अंग, काळी तोंडं, खाली सोडलेल्या लांब शेपट्या. आमच्याकडं कुणी बघतसुद्धा नव्हतं. एका वानरीच्या पोटाशी काळं कुळकुळीत, नुकतं जन्मलेलं पिल्लू होतं. तिच्याशेजारी एक तरणी मादी येऊन बसली. तिनं सरळ हात घातला आणि पिल्लू ओढून घेतलं. पिल्लू केकाटलं. आईनं एकदा मान वळवून पाहिलं आणि झाडाचा पाला खायला सुरुवात केली. तरण्या मादीनं पिल्लू उलटं धरलं होतं, डोकं खाली, पाय वर. आई खात राहिली.

मी कॅमेरा तिकडं वळवला. नवरदेवाचा चुलतभाऊ धुराचा डबा हलवत म्हणाला, "ताई, तिकडं कावून बघायलात? नवरा-नवरी हिकडं हायत."

नवरदेवाला वेगळीच कल्पना सुचली. त्यानं गाडीतून बिस्किटाचा पुडा आणला आणि म्हणाला, "वांदरांना खाली बोलवा. आमी मधी उभं राहतो, ते आजूबाजूला. नॅचरल दिसंल." वानरांनी बिस्किटांकडं पाहिलं आणि ती आणखी वरच्या फांदीवर गेली. इतकी अक्कल मी कोणत्याही वऱ्हाडात पाहिली नव्हती.

त्या दिवशी घरी येऊन मी जोडप्याचे फोटो बाजूला ठेवले आणि उलट्या धरलेल्या पिल्लाचा फोटो बराच वेळ बघत बसले. त्यात कुणीही कॅमेऱ्यासाठी हसत नव्हतं. आईला मोकळेपणानं खायला मिळालं म्हणून ती खात होती. तरण्या मादीला पिल्लू हवं होतं म्हणून तिनं ते घेतलं होतं. पिल्लू वैतागलं होतं म्हणून ओरडत होतं. कुठलाही काका नव्हता.

लग्नाची तिथी नसेल त्या दिवशी मी स्कूटी काढून दरीकडं जाऊ लागले. नवरा काउंटरवरून म्हणायचा, "तुला काय त्यांच्या लग्नाची ऑर्डर मिळाली का?" शेजारचा मोबाइलवाला हसायचा. मग नवराही हसायचा, आपण फार मोठा विनोद केल्यासारखा. तोच विनोद तो पुढं वर्षभर करत राहिला.

सुरुवातीला वानरं मला बघून दूर जायची. मी खडकावर बसून राहायचे, काही टाकायचे नाही, बोलायचे नाही. हळूहळू त्यांच्या लेखी मी एक कंटाळवाणी वस्तू झाले. मला ते फार आवडलं. कळपात एकच मोठा नर होता. आमच्याकडं त्याला हुप्प्या म्हणतात. त्याचा एक कान फाटलेला होता. बाकी सगळ्या माद्या आणि त्यांची पोरं. हुप्प्या सकाळी उंच झाडावर बसून हूप हूप करायचा, शेंड्याशेंड्यावरून धाडधाड उड्या मारायचा आणि मग दिवसभर काहीही करायचा नाही. माद्या त्याच्या पाठीतल्या उवा काढायच्या. कुठल्या झाडावर जायचं, कधी निघायचं हे म्हाताऱ्या माद्या ठरवायच्या आणि हुप्प्या मागून यायचा, जणू आपणच नेतोय. पाटोद्यात हे दृश्य बघायला मला डोंगरावर जायची गरज नव्हती, पण इथं निदान भाषण नसायचं.

मी त्यांना नावं दिली नाहीत. वानरांना राणी, सोनी, राजा अशी नावं ठेवणाऱ्या लोकांचा मला राग येतो. स्वतःच्या मोलकरणीचं नाव त्यांना माहीत नसतं. मी खुणा लक्षात ठेवायचे. एकीच्या शेपटीचं टोक तुटलं होतं. एकीची डावी पापणी अर्धी मिटलेली असायची. पिल्लू ओढून नेऊ देणारी ती हीच, मिटल्या पापणीची. तिचं पिल्लू दिवसभर या मांडीवरून त्या मांडीवर फिरायचं आणि संध्याकाळी भूक लागली की तिच्याकडं परत यायचं. कुणी लपवून ठेवलं तर ती जाऊन दात दाखवायची आणि घेऊन यायची. बाकी वेळ ती त्याच्या नावानं जीव टाकत नव्हती. मला तिचा हेवा वाटायचा. मी माझी दोन पोरं एकटीनं वाढवली, सासू आणि दोन नणंदा घरात असताना.

माझा दीर पुण्यात असतो, कॉम्प्युटरच्या कंपनीत. त्यानं एक भलीमोठी लेन्स घेतली आहे. कारमध्ये तिला स्वतंत्र सीट लागते. शनिवार-रविवारी तो वाघ काढायला जातो आणि सोमवारी ते वाघ इंटरनेटवर टाकतो. माझे फोटो नवऱ्यानं त्याला मोबाइलवर पाठवले, चेष्टा म्हणून. पुढच्याच आठवड्यात तो हजर. अंगात पानापानांचे, डागाडागांचे कपडे. त्या कपड्यांत तो जंगलात दिसेनासा होत असेलही, पाटोद्याच्या बाजारात मात्र लांबून दिसायचा.

दरीत त्यानं तीन पायांचा स्टँड रोवला आणि थोड्याच वेळात सुस्कारे टाकायला लागला. "वहिनी, लाइट सुंदर आहे, पण ॲक्शनच नाहीये. हे नुसते बसलेत."

मी म्हटलं, "ते असेच बसतात."

"पण स्टोरी काय यात?"

 त्यानं पिशवीतून शेंगदाणे काढले आणि ओंजळ भरून खडकावर फेकले. मी म्हटलं, "टाकू नको. एकदा चव लागली की रस्त्यावर यायला लागतील. गाडीखाली मरतील."

"एकदाच वहिनी. मला त्यांचं नॅचरल बिहेवियर हवंय."

शेंगदाणे टाकून नैसर्गिक वागणं मिळवायचं, हा पुण्याचा शोध असावा. दोन अर्धवट वयाचे नर खाली आले, त्यांच्यात झटापट झाली, एकानं दुसऱ्याला बोचकारलं आणि दिरानं शंभरेक फोटो काढले. रात्री जेवताना त्यातला एक त्यानं सगळ्यांना दाखवला. खाली लिहिलं होतं, 'भावाभावांचं निरागस बालपण'. सासूबाई म्हणाल्या, "लई छान हाय." माझे फोटो त्यांनी कधी पाहिले नव्हते, पण मी दाखवलेही नव्हते.

दीर गेला आणि सीताफळांचा मोसम आला. डोंगर सीताफळांनी लगडला. वानरं दिवसभर फळं फोडायची आणि बिया थुंकायची. त्याच दिवसांत दरीच्या वरच्या अंगाला परके नर दिसायला लागले. कळप नसलेले असे चार-पाच नर टोळी करून हिंडतात, त्यातलेच हे. फाटक्या कानाचा हुप्प्या पहाटेपासून ओरडायचा, दात करकरा वाजवायचा. पाठीतल्या उवा काढून घ्यायलाही त्याला फुरसत नव्हती. काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी मी पोचले तेव्हा झाडांमध्ये नुसता कल्लोळ होता. फांद्या मोडत होत्या, माद्या पिल्लं छातीशी घेऊन ओरडत पळत होत्या. हुप्प्याची मांडी फाटून लाल झाली होती. तो खडकावरून खाली घसरला, उठला, आणि पलीकडच्या उतारावरून लंगडत निघून गेला. मागं वळून बघितलं वगैरे काही नाही. मी त्याला परत कधी पाहिलं नाही.

टोळीतल्या एका धिप्पाड नरानं बाकीच्यांनाही हुसकावलं आणि तो कळपात बसला. माद्या लांब लांब राहायच्या. मिटल्या पापणीची सगळ्यांत लांब. आता ती पिल्लू कुणाला देत नव्हती.

पुढं काय होणार हे मला माहीत होतं. मी त्याबद्दल वाचलं होतं. नवा नर आधीच्याची अंगावर पिणारी पिल्लं मारतो, म्हणजे माद्या लवकर माजावर येतात. वाचलेलं डोळ्यासमोर झालं तेव्हा इतक्या चटकन झालं की ओरडायलाही वेळ मिळाला नाही. मिटल्या पापणीची उंबराच्या फांदीवर होती. तो वरून आला. टोकतुटक्या शेपटीची म्हातारी मादी मधे पडली, तिनं त्याच्या पाठीला चावा घेतला. त्यानं तिला झटकलं, पिल्लाला दातांत धरलं आणि सोडलं. बस. पिल्लू खाली पडलं नाही. आईनं वरच्या वर पकडलं आणि शेंड्यावर गेली.

अशा वेळी माझे हात थरथरले, कॅमेरा खाली ठेवला, असं सांगायची पद्धत आहे. माझे हात थरथरले नाहीत. मी बटण दाबत राहिले. घरी येऊन मात्र स्वयंपाक केला नाही. नवऱ्यानं विचारलं, "बरं न्हाई का?" मी म्हटलं, "बरं आहे." त्यानं बाहेरून भजी आणली. त्या रात्री त्यानं तो विनोद केला नाही, एवढं मी कबूल करते.

दुसऱ्या दिवशी गेले तर ती पिल्लू घेऊन बसली होती. ते रात्रीतच मेलं असावं. तिनं ते छातीशी धरलं होतं, त्याचं डोकं तिच्या कोपरात होतं, आणि ती दुसऱ्या हातानं त्याच्या मानेवरचे केस विंचरत होती. सकाळचं ऊन तिच्या पाठीमागून येत होतं. इतका नीटनेटका फोटो मला आयुष्यात मिळाला नव्हता. पिल्लाच्या डोळ्याच्या कडेला एक माशी बसली होती. ती उडायची, परत बसायची. ती बसलेली असतानाच मी फोटो काढला.

वानरी त्याला आणखी काही दिवस घेऊन हिंडली. शेवटी शेवटी एका पायाला धरून, कळशी धरावी तसं. मग एका सकाळी हात मोकळा होता. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी तिला त्या नव्या नरामागं बसलेली पाहिलं. ती त्याच्या पाठीतल्या उवा काढत होती. तोंडात एक घालायची, पुढची शोधायची. नर डोळे मिटून बसला होता.

मला तिचा भयंकर राग आला. बाई, तुला लाज कशी नाही, असं मी खरोखर मोठ्यानं म्हणाले, त्या रिकाम्या दरीत. मग मला माझंच हसू आलं. इतके महिने मी लोकांना नावं ठेवत होते की ते वानरांमध्ये माणसं शोधतात, आणि आता मीच खडकावर बसून त्या जनावराकडून पातिव्रत्य मागत होते. मी तो फोटोही काढला.

उन्हाळ्याच्या तोंडावर महिला दिन आला. आमच्याकडच्या एका पुढाऱ्याला, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, काहीतरी नवं करायचं होतं. रांगोळी आणि पाककृती यांच्या स्पर्धा झाल्या होत्या. दिराची आणि भाऊंची कॉलेजची ओळख. दिरानं त्यांना सुचवलं, ग्रामीण महिला छायाचित्रकार, वानरांची माया, प्रदर्शन ठेवा. मला फोन आला तेव्हा सगळं ठरून गेलं होतं. "वहिनी, नाही म्हणू नका. मोठा प्लॅटफॉर्म आहे."

मी एकच अट घातली. फोटो मी सांगेन त्या क्रमानं लागतील आणि सगळे लागतील. तो म्हणाला, "अफकोर्स."

कार्यक्रमाच्या सकाळी मी चौकातून सभागृहाकडं निघाले आणि स्कूटी थांबवली. चौकात दोन मजल्यांएवढा फ्लेक्स होता. एका बाजूला हात जोडलेले भाऊ, दुसऱ्या बाजूला त्यांच्या सौ. वहिनीसाहेब, आणि मधे माझी वानरी, मेलेलं पिल्लू छातीशी धरून. वर लिहिलं होतं, 'आई म्हणजे आई असते'.

पिल्लाच्या डोळ्याजवळ माशी नव्हती.

सभागृहाच्या दारात दीर माणसांना हार कुठं ठेवायचे ते सांगत होता. मी विचारलं, "माशी कुठं गेली?"

"कोणती? हां, ती. फ्लेक्सवाल्यानं काढून टाकली. डाग वाटत होता."

"ते पिल्लू मेलेलं आहे."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. "वहिनी, प्लीज. कोणाला कळतंय? एक्स्प्रेशन बघा ना. आणि भाऊंना हाच आवडला."

"मेलेलं पिल्लू आवडलं?"

"तुम्ही उगाच निगेटिव्ह जाताय." असं म्हणून तो माइक तपासायला गेला. हॅलो, हॅलो, वन टू थ्री. वाघाच्या मागं हिंडणारा माणूस, आणि त्याला जिवंत नि मेलेलं यातला फरक निगेटिव्ह वाटत होता.

फोटो मात्र मी सांगितलेल्या क्रमानं लागले होते, कारण ते आदल्या दिवशी मी आणि नवऱ्यानंच लावले होते. पहिली भिंत पिल्लाच्या जन्माची आणि या मांडीवरून त्या मांडीवर फिरण्याची. दुसरी भिंत लढाईची. तिसऱ्या भिंतीवर बाकी सगळं.

भाऊ आले. फीत कापली. मागं पाच-पंचवीस माणसं आणि बऱ्याच बायका. पहिल्या भिंतीसमोर ते खूश होते. लढाईपुढं तर आणखी खूश. "ह्यो बघा, गडी कसा भिडलाय," असं म्हणून त्यांनी मागच्या कार्यकर्त्याला कोपरानं ढोसलं आणि सगळे हसले. मग ते त्या फोटोपाशी आले, जो चौकात लागला होता. गंभीर झाले. हात मागं बांधले.

"वा. काय निवांत झोपलंय लेकरू आईच्या कुशीत. माणसाला सुदीक जमत न्हाई हे."

"झोपलेलं नाही, भाऊ," मी म्हटलं. "मेलंय."

"आं?"

"आदल्या दिवशी चावलं त्याला. डोळ्यापाशी माशी दिसते बघा. चौकातल्या फोटोतली पुसली."

भाऊंनी वाकून माशी बघितली. मागच्यांनीही आळीपाळीनं वाकून बघितली.  दीर छताकडं बघत होता.

"कुणी चावलं?" भाऊंनी विचारलं.

मी शेजारच्या फोटोकडं बोट केलं. त्यात तो नर होता. ते तसेच पुढं सरकले आणि त्याच्या पुढच्या फोटोशी थांबले. "आन् ही कोण? ह्याच्या उवा काढायलीय ती?"

"तीच. पिल्लाची आई."

"त्याच वांदराच्या?"

"त्याच."

भाऊंचं तोंड आंबट झालं. दोन मजली पोस्टरवर जिला आई म्हणून चढवली होती, ती अशी निघाली याचा त्यांना वैयक्तिक अपमान वाटला असावा. "हिला काय आई म्हणायचं का मग? लेकरू मारलं त्याच्याच पाठीला हात लावती. छे. असलं कावून लावलंय हितं? आज महिला दिन हाय."

तेव्हा बायकांमधून आवाज आला. फळाचा गाडा लावणाऱ्याची बायको होती. तिच्या निकाहचे फोटो मीच काढले होते, फार पूर्वी. वयानं माझ्यापेक्षा थोडी मोठी, म्हणून मी तिला आपा म्हणते. ती फोटोकडं बघतच म्हणाली, "जाती किधर वो? झाड बी त्याचं, डोंगर बी त्याचाच झाला. मग?"

भाऊंना ती आपल्याशी बोलतेय हे कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर त्यांनी न कळल्यासारखं केलं. कार्यकर्त्याला म्हणाले, "हे झाका. लहान लेकरं यायची हायत बघायला." कार्यकर्त्यानं शोधाशोध केली आणि प्रवेशद्वारावरचा, भाऊंच्या फोटोंवर 'हार्दिक स्वागत' लिहिलेला फ्लेक्स काढून आणला. तो तिसऱ्या भिंतीवर टांगला. म्हणजे आता वानरीच्या जागी भाऊच भाऊ.

त्यापुढं त्यांचं मातृत्वावर भाषण झालं. मला शाल आणि नारळ मिळाला. बोलायला कुणी बोलावलं नाही. नारळ चांगला निघाला, दुसऱ्या दिवशी मी त्याची चटणी केली. शाल सासूबाईंनी ठेवून घेतली.  घरी येताना स्टुडिओचं शटर उघडत नवरा म्हणाला, "तिसरी भिंत झाकायला नको पाहिजे होती." त्याच्या तोंडून आलेलं हे फारच मोठं वाक्य होतं, आणि शटर वर ढकलण्याच्या आवाजात ते जवळजवळ ऐकूच आलं नाही.

दीर दोन वर्षं स्वतःहून माझ्याशी बोलला नाही. पण फोटो त्यानं वापरला, पुसलेल्या माशीसह, खाली स्वतःचं नाव टाकून. मी फोन केला तर म्हणाला, "घरातलेच फोटो आहेत ना, वहिनी." मी म्हटलं, "मग घरातल्यांचं नाव टाक." त्यानं फोटो काढून टाकला आणि सासूबाईंना सांगितलं की वहिनींना प्रसिद्धीची हाव सुटली आहे. त्या अजून तसं मानतात. चौकातला फ्लेक्स कुणी उतरवायला धजेना, कारण त्यावर भाऊंचं तोंड होतं. शेवटी वाऱ्यानंच तो उतरवला आणि कुणीतरी कडब्याच्या गंजीवर झाकायला नेला.

कार्यक्रमानंतर काही महिन्यांनी आपा स्टुडिओत आली. बुरख्याआडून पिशवी काढून काउंटरवर ठेवली. "भाभी, मुझे बी ले के चलो. बघायचंय मला."

"काय बघायचंय?"

"ती. पापणीवाली."

मी तिला स्कूटीवर मागं बसवून नेलं. पुढं पायी चढ चढताना ती दर वळणावर थांबायची आणि स्वतःच्या गुडघ्यांना नावं ठेवायची. वर पोचल्यावर तिनं पिशवी उघडली. आत पिकलेले पेरू. "वांदरांना आणलेत."

"द्यायचे नाहीत, आपा."

"कायको?"

मी कारण सांगितलं. तिनं ते ऐकलं, जरा विचार केला आणि एक पेरू मला दिला. दुसरा स्वतः खाऊ लागली. वानरं समोरच्या वडावर होती. मी तिला पापणीवाली दाखवली. ती एका फांदीवर बसून दोन्ही हातांनी वडाची फळं तोंडात कोंबत होती. नर बऱ्याच लांब, झाडाच्या शेंड्यावर. बाकी काही घडत नव्हतं.

आपानं बुरख्याचा पडदा वर टाकला आणि नीट बघितलं. बराच वेळ बघितलं. दुसरा पेरू संपला, तिसरा संपला. वानरी खात होती. मग तिनं जागा बदलली आणि तिथं बसून खायला लागली.

"इतकंच करती?" आपानं विचारलं.

"बहुतेक वेळ इतकंच."

"दिवसभर?"

"दिवसभर."

तिनं उरलेले पेरू पिशवीत भरले, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि मागून बुरख्याची माती झटकली. "चल मग. दुपार झाली, माझा माणूस गाड्यावर जेवणाची वाट बघत असंल." मी कॅमेरा बंद केला. खाली उतरताना ती माझा दंड धरून चालत होती आणि तिच्या सुनेनं काल आमटीत मीठ दोनदा कसं घातलं ते सांगत होती.